सातत्याचा अभाव

भौतिकशास्त्र विभागाच्या जिन्यात, पहिल्याच वळणावर, थोरलीचा माणसाएवढा फोटो लावलेला होता. फोटोत ती हसत होती आणि तिच्या शेजारी सोनेरी झुंबरासारखं काहीतरी लटकत होतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या थाळ्या एकाखाली एक, त्यांच्यामधून वळणं घेत उतरणाऱ्या बारीक नळ्या, आणि दागिना घडवावा इतक्या मन लावून गुंडाळलेल्या तारा. खाली छापलं होतं, 'कमी प्रतिनिधित्व असलेल्या घटकांसाठी संशोधन शिष्यवृत्ती. त्यांना संधी, विज्ञानाला समृद्धी.' यमकाचा प्रयत्न झाला होता, एवढं म्हणता येईल.

ते झुंबर म्हणजे फ्रीज. त्याचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, पण लॅबमध्ये सगळे फ्रीजच म्हणत. दोन तऱ्हांचा हेलियम एकमेकांत मिसळून तो अशी थंडी तयार करायचा, की तिच्यापुढे बर्फ म्हणजे निखारा. त्या थंडीत थोरली नखापेक्षा लहान अशा एका पातळ चकतीतून वीज सोडायची आणि त्या विजेची कुजबुज मोजायची. चालू असताना फ्रीज एकात एक बसवलेल्या करड्या डब्यांत बंद असे. बाहेरून पाहिलं तर गच्चीवरची पाण्याची टाकी बरी दिसेल. झुंबर दिसायचं ते फ्रीज बंद करून, गरम करून, डबे एकेक करून उतरवल्यावर. म्हणजे फोटोत यंत्र होतं, काम नव्हतं. हे फोटो बघणाऱ्यांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं, आणि ज्यांच्या लक्षात येत होतं त्यांनीच फोटो लावला होता.

विभागात तिला पाठीमागे 'पोस्टर' म्हणत. घरी ती थोरली. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आई एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होती. शाळेत असताना सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर इमारतींच्या माथ्यावरच्या लिफ्टच्या खोलीत जाऊन बसणं हा थोरलीचा छंद. लिफ्ट वर जाताना ते लोखंडी वजन खाली का येतं, हा तिच्या आयुष्यातला पहिला गंभीर प्रश्न. वडिलांनी त्याचं उत्तर दिलं, ते अर्धं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी ती पीएचडीपर्यंत आली, असं ती स्वतः थट्टेनं सांगायची.

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला ती उष्णतेवरचे दोन जाडजूड ग्रंथ वाचून गेली होती. पहिला प्रश्न आला, "इथवर येताना काय काय सोसलंत?"

"बस चुकली," ती म्हणाली.

समितीतला एकजण हसला. बाकीचे हा विनोद आहे की तक्रार, हे ठरवत राहिले.

"नाही, म्हणजे घरची परिस्थिती वगैरे?"

"ठीक आहे. वडील लिफ्ट दुरुस्त करतात, आई चादरी धुते. दोघांनाही आपापलं काम येतं. आपण फिजिक्सकडे कधी वळणार?"

ते वळले, पण जरा हिरमुसूनच. त्यांना एखादा अश्रू चालला असता. शिष्यवृत्ती मिळाली, कारण फिजिक्सचं प्रत्येक उत्तर बरोबर आलं आणि ते नाकारायला कागदावर जागा नव्हती. तिच्या घरातून, गल्लीतून, शाळेतूनही, भौतिकशास्त्रात संशोधन करायला कुणी गेलेलं नव्हतं. त्या अर्थानं ती कमी दिसणाऱ्यांपैकी होती. योजनेनं ही उणीव भरून काढायचं फारच मनावर घेतलं.

पहिल्या वर्षी कुठल्याशा खात्याचे अधिकारी पाहुणे आले. गाईड म्हणाले, "फ्रीज उघडून ठेव गं, एवढंच." तिनं उघडून ठेवला. हसली. फोटो निघाले. नंतर शाळांच्या मुलांची भेट झाली, मग देणगीदारांची, मग योजनेच्या वर्धापनदिनाची. दर वेळी तेच. आधी गरम करायचा, डबे उतरवायचे, हसायचं, डबे चढवायचे, पंप लावून हवा काढायची आणि पुन्हा थंड होण्याची वाट बघायची. त्यात दिवस जायचे, ते सोडा. खरी रड सॅम्पलची होती. ती चकती एकदा गरम होऊन पुन्हा थंड झाली की तिचा स्वभाव पालटतो. केसाहून बारीक तारा सुटतात, आत अडकलेली वीज जागा बदलते. एखाद्याला गाढ झोपेतून हलवून उठवायचं, फोटो काढायचा, आणि मग झोप म्हणायचं, मघाचंच स्वप्न पुढे चालू ठेव.

सरांचा, म्हणजे गाईडचा, स्वभाव वाईट नव्हता. त्यांना फक्त नाही म्हणता यायचं नाही. वरून फोन आला की ते "हो हो, काही त्रास नाही" म्हणत. अशा माणसांनी न म्हटलेलं प्रत्येक 'नाही' दुसऱ्या कुणालातरी भरून द्यावं लागतं. लॅबमध्ये ते काम थोरलीकडे होतं.

गॅसवाले काका, म्हणजे हेलियमचे सिलिंडर आणि पंप सांभाळणारे लॅबचे जुने तंत्रज्ञ, यांना मात्र पाहुणे आवडत. त्यांचा जीव त्या थाळ्यांवर होता. डबे उतरले की ते मऊ फडक्यानं एकेक थाळी पुसत आणि पाहुण्यांना आपण होऊन सांगत, "सोनं आहे, खरं." पाहुणे पुढे काय विचारणार, ते ठरलेलं असे. "किती तोळे?"

मग दुसऱ्या वर्षाची आढावा बैठक झाली. दर वर्षी गाईड प्रगती अहवाल लिहितो, योजनेच्या को-ऑर्डिनेटर मॅडम त्यावर सही करतात आणि समिती तो विद्यार्थ्यासमोर वाचते. अध्यक्षांनी वाचलं, "विद्यार्थिनी कष्टाळू आहे. मोजमापांत सातत्याचा अभाव."

थोरलीनं सरांकडे पाहिलं. सर आपल्या पेनाचं टोपण तपासत होते.

"असं कसं चालेल?" अध्यक्ष मायेनं म्हणाले. "जरा कामात लक्ष घाला. ते कार्यक्रम-बिर्यक्रम कमी करा. फार फोटो दिसतात तुमचे."

काही वाक्यांवर माणूस लगेच बोलू शकत नाही. ती आत उतरतात, तिथे जागा करतात आणि मग दररोज थोडी थोडी तापतात. थोरली "हो सर" म्हणाली. समितीनं लिहून घेतलं, की पुढच्या बैठकीपर्यंत एक तरी सलग, पूर्ण मोजमाप दाखवता आलं नाही तर शिष्यवृत्तीला मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही म्हणजे पीएचडी अर्धवट, हे लिहायची गरज नव्हती.

आणि तिसऱ्या वर्षी नशिबानं सॅम्पल चांगलं निघालं. फ्रीजमधल्या चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत नेला की एका ठरावीक जागी ती कुजबुज एकदम बसायची, वर्गात मास्तर शिरावे तशी. खाली आणलं, पुन्हा वर नेलं, तर त्याच जागी तेच. थोरलीनं स्वतःला आनंद व्हायला परवानगी दिली नाही. आधी वायरिंग तपासलं, मग पंपाची थरथर तपासली, मग शेजारच्या लॅबमध्ये जाऊन त्यांची यंत्रं बंद करवली. कुजबुज बसतच राहिली. आता कुजबुजीतली तीच पायरी वेगवेगळ्या तापमानांना, न थांबता, न उघडता मोजायची होती. निम्मं झालं होतं.

तेव्हा सर आले. शुक्रवार होता.

"पुढच्या गुरुवारी देणगीदार येतायत. मंगळवारी फ्रीज गरम करायला लाव."

"सर, मोजमाप चालू आहे."

"माहीत आहे गं मला. पुन्हा थंड करू की."

"सॅम्पल जाईल."

"नवीन बनवू."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"मग बनवलंच ना नवीन?"

"बनवलं. आणि तुम्ही लिहिलंत, सातत्याचा अभाव."

सर जरा घुटमळले. "ते एक ठरलेलं वाक्य असतं. सगळ्यांनाच लिहितो."

"सिनियरला लिहिलंत?" सिनियर म्हणजे तिच्या पुढच्या टेबलावरचा, भट्टीवर काम करणारा मुलगा. त्याची भट्टी गेले वर्षभर अखंड पेटलेली होती.

"त्याचं वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे, त्याच्या भट्टीचा फोटो चांगला येत नाही."

"हे बघ, चिडू नकोस."

"मॅडमना सांगा ना, यंदा उघडता येणार नाही म्हणून."

"त्यांना असं नाही सांगत. तुझ्याच मुदतवाढीवर सही त्यांची आहे, विसरलीस?"

"मग मी सांगते."

"तू थेट बोलायचं नाही." सर पहिल्यांदाच ठामपणे बोलले. "पद्धत आहे. जे काय असेल ते गाईडमार्फत जातं."

सर निघून गेले. चोवीस तास कुणाला नाही म्हणता न येणारा माणूस तिला मात्र चटकन, अडखळल्याशिवाय नाही म्हणू शकतो, हा शोध थोरलीला तेव्हा लागला. फिजिक्सच्या दृष्टीनं तो बिनमहत्त्वाचा होता, पण पुन्हा पुन्हा तपासूनही तोच निकाल येत होता.

घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. धाकटी बहीण घास हातात धरून थांबली. "एक मिनिट. फ्रीज किती थंड आहे ते दाखवायला फ्रीज गरम करायचा? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"शिकलेल्या माणसांच्या," थोरली म्हणाली.

"आमच्याकडे लिफ्ट दाखवायची झाली तर चालू करून दाखवतात," वडील म्हणाले. "अर्थात तीही मध्येच अडकते, ते सोड."

आई हसली नाही. "उघड आणि मोकळी हो. दोन तास हसायचं, एवढंच ना? तिकडे मला सिस्टर ओरडतात, डॉक्टर ओरडतात. मी हसतेच ना?"

"आई, तू हसतेस म्हणून कुणी तुझ्या धुतलेल्या चादरी परत चिखलात टाकतं का? आणि वर लिहितं का, बाईच्या धुण्यात सातत्य नाही?"

आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग ताटात आणखी भात वाढत म्हणाली, "मग सांग त्यांना. पण रागानं सांगू नकोस. बाई रागावून बोलली की लोक राग तेवढा ऐकतात, बोलणं ऐकत नाहीत."

"मग काय गाऊन सांगू?"

"तू गाऊ नकोस, ताई," धाकटी म्हणाली. "त्यापेक्षा राग बरा."

लॅबच्या दारावर एक नियम चिकटवलेला होता, सरांच्याच अक्षरात. ज्याचं सॅम्पल आत, त्याच्याशिवाय कुणी फ्रीजच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. पूर्वी कुणीतरी दुसऱ्याचं सॅम्पल आत असताना भलताच व्हॉल्व्ह फिरवला होता आणि महागडा हेलियम खिडकीतून निघून गेला होता, तेव्हापासूनचा हा नियम. तो मोडायची कुणाची छाती नव्हती. म्हणून मंगळवारी काका पाने-बिने घेऊन आले आणि तिच्या मागे उभे राहिले.

"फिरव. गरम झाला की मी डबे उतरवायला घेतो."

"नाही काका."

"सरांनी सांगितलंय."

"मला सांगितलंय. मी फिरवणार नाही."

काका तिच्याकडे, मग व्हॉल्व्हकडे, मग दारावरच्या नियमाकडे बघत राहिले. "अगं, पण मी नवीन शर्ट शिवलाय."

"घाला की. शोभेल."

"पाण्याच्या टाकीशेजारी उभा राहू नवीन शर्ट घालून?" काका खरोखर दुखावले होते. पण सरांना सांगायला ते गेले नाहीत. थोरली नेहमी सांगितलेलं करते हे सर्वांना इतकं ठाऊक होतं, की सरही बघायला फिरकले नाहीत.

गुरुवारी दार उघडलं. पुढे मॅडम, मागे फरशांच्या कारखान्याचे मालक आणि त्यांची पत्नी, मागे फोटोग्राफर, सर्वांत शेवटी सर. कडेला नव्या शर्टातले काका. आणि मधोमध करडी टाकी, पंपांची एकसुरी घरघर, पडद्यावर सरकणारी एक रेघ.

मॅडमचं स्वागताचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून मॅडम निघून गेल्या. "हे काय? झुंबर कुठंय?"

"आत आहे," थोरली म्हणाली.

"मग काढा ना. झाकण काढायला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. सर घाईनं पुढे आले. "थट्टा करते. हुशार आहे फार."

"थट्टा नाही, सर. मॅडम, ते झाकण नाही. फ्रीज आधी गरम करावा लागतो. गरम केला की माझं सॅम्पल मरतं आणि मोजमाप संपतं. मागच्या प्रत्येक भेटीला संपलंय. आज संपवायचं नाही, असं मी ठरवलं."

आवाज चढला होता. आईचं म्हणणं तिला आठवलं आणि तिनं तो आणखी थोडा चढू दिला.

मॅडम सरांकडे वळल्या. "पण तुम्ही तर दर वेळी म्हणता, काही त्रास नाही, झाकण काढायचं असतं."

"म्हणजे, तसं स्थूलमानानं..."

"त्रास होतो की नाही?"

सरांच्या तोंडून, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा, एकच 'हो' निघालं. एरवी ते दोन म्हणत.

थोरलीला वाटलं होतं, मॅडम सगळं जाणून करतात. तीन वर्षं ती मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आली होती, आंघोळ करताना, बसमध्ये, तारा जोडताना. ती सगळी भांडणं चुकीच्या पत्त्यावर गेली होती. मॅडमना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनंही नाही, कारण पद्धत होती.

फरशीवाले मालक पडद्याजवळ गेले. "मग सध्या काय चाललंय?"

"ही रेघ. इथे पायरी दिसते ना, ती."

"एवढंच?"

"एवढंच. ह्यासाठीच तुम्ही पैसे देता."

मालक विचारात पडले. "मला वाटायचं, त्या झुंबरासाठी देतो," ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग पत्नीनं घड्याळ पाहिलं, आणि सगळे शेजारच्या लेझरच्या लॅबकडे गेले. तिथे हिरवा प्रकाश होता आणि तो चालू असतानाच चांगला दिसायचा. काकाही पाहुण्यांच्या मागोमाग गेले. शर्टाचं सार्थक व्हायला हवं होतं.

मॅडम मात्र मागे थांबल्या. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"थेट बोलायची पद्धत नाही म्हणे."

"अगं, त्या शेऱ्याखाली माझी सही आहे! सातत्याचा अभाव."

"आहे."

मॅडम क्षणभर खरोखर ओशाळल्या. मग त्यांच्यातलं कार्यालय जागं झालं. "पण तो आता बदलता येणार नाही. मंजूर अहवाल आहे."

"मॅडम, हा फ्रीज तुमच्यासाठी दर वेळी उघडता आला. त्यात माझी दोन वर्षं गेली. आणि एक कागद तेवढा उघडता येत नाही?"

"आवाज जरा कमी कर."

"नाही."

शेवटी मॅडम म्हणाल्या, "गाईडनं खुलासा दिला तर सोबत जोडता येईल. सहीनिशी."

संध्याकाळ व्हायच्या आत थोरली सरांच्या खोलीत होती. सरांनी कागद घेतला आणि लिहिलं, 'तांत्रिक कारणांमुळे मोजमापांत खंड पडला.'

"कारण तांत्रिक नव्हतं, सर."

"समजून घे गं. हे सगळे वाचणार."

"म्हणून तर."

सरांनी ते खोडलं. 'पाहुण्यांच्या भेटींसाठी यंत्र वेळोवेळी उघडावे लागले.'

"कुणामुळे?"

सरांनी पेन ठेवलं. ते पहिल्यांदाच चिडले होते, आणि चिडल्यावर त्यांना नेमकं बोलता येत होतं. "व्हॉल्व्ह तूच फिरवायचीस. दर वेळी. मी हात तरी लावला का कधी?"

हे खरं होतं. नियमाप्रमाणे दर वेळी हात तिचाच होता. तिनं एकदाही आज फिरवत नाही असं म्हटलं नव्हतं. सरांवरच्या रागात तिचा स्वतःवरचाही राग होता. तो वेगळा काढायला तिला इतके दिवस फुरसत झाली नव्हती.

"तेही लिहा," ती म्हणाली. "माझ्या सांगण्यावरून तिने उघडले. तुमचं सांगणं आणि माझा हात, दोन्ही. आणि पुढे लिहा, सातत्याचा अभाव हा शेरा मी मागे घेतो."

सरांनी नवा कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी लिहिलं, बारीक अक्षरात, जणू जागा अपुरी होती. सही केली.

"मी पाठवतो मॅडमकडे."

"मी नेऊन देते."

"पद्धत अशी आहे, की..."

"माहीत आहे," थोरली म्हणाली आणि कागद घेऊन गेली.

पुढच्या बैठकीपर्यंत मोजमाप पूर्ण झालं. शेवटच्या तापमानालाही पायरी तिथेच होती. बैठकीत अध्यक्षांनी आलेख पाहिला, सरांचा खुलासा मोठ्यानं वाचला, दुसऱ्या वाक्यावर जरा अडखळले, आणि "ठीक, मंजूर, पुढचा विद्यार्थी" म्हणाले. मुदतवाढ मिळाली. ज्यासाठी इतका जीव जाळला ते चहाचा कप रिकामा व्हायच्या आत झालं. कुणी काही चुकलं असं म्हणालं नाही. मॅडमनी बाहेर तिचा दंड हलकेच दाबला आणि पुढच्या बैठकीसाठी आत गेल्या.

सर तिच्याबरोबर बाहेर आले. त्यांना हलकं वाटत होतं, ते दिसतच होतं.

"झालं ना मनासारखं? गेला ना आता राग?"

"नाही, सर."

"मग आता आणखी काय हवंय?"

"माझी दोन वर्षं," थोरली म्हणाली.

सरांच्या ओठांवर सवयीनं 'हो हो' आलं होतं. ते तिथेच अडलं. थोरली त्यांच्या उत्तरासाठी थांबली नाही. पुढचं सॅम्पल आत जाऊन थंड होत होतं आणि रीडिंग घ्यायची वेळ झाली होती.